मदुराईचे डी मॉर्गन, दिल्लीचे मास्टर रामचंद्र

आजच्या भागाची सुरुवात एका सरकारी छापाच्या वाक्याने करू. समजा, एखाद्या अर्जावर लिहिलंय : "पॅन आणि आधार दोन्ही नसल्यास प्रतिज्ञापत्र जोडावे." तुमच्याकडे पॅन आहे, आधार नाही. आता प्रतिज्ञापत्र जोडायचं की नाही?

खिडकीवरचा एक कारकून म्हणेल, "दोन्ही नसेल तर, असं लिहिलंय. तुमच्याकडे एक आहे ना? मग नको." शेजारच्या खिडकीवरचा म्हणेल, "दोन्ही पाहिजेत. दोन्ही नाहीत ना तुमच्याकडे? मग जोडा." दोघांचं मराठी बरोबर आहे आणि दोघांची उत्तरं उलटी आहेत. घोळ आहे तो "आणि"च्या अंगावर "नाही" येऊन बसतो तेव्हा नेमकं काय होतं याचा. "हे आणि ते दोन्ही आहे" हे विधान नाकारलं, तर निघतं इतकंच की हे नाही किंवा ते नाही, निदान एक तरी नाही. आणि "हे किंवा ते आहे" हे नाकारलं, तर हेही नाही आणि तेही नाही. नकार आत शिरला की "आणि"चा "किंवा" होतो, "किंवा"चा "आणि" होतो.

अकरावी-बारावीला, डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांनी हे ओळखलं असेल. हेच डी मॉर्गनचे नियम. मोबाइलमधल्या चिपपासून रेल्वेच्या आरक्षणाच्या प्रोग्रामपर्यंत सगळीकडे ते काम करतात. खरं तर ही गोष्ट शब्दांत सांगणारे लोक मध्ययुगातही होते. विल्यम ऑफ ऑकमच्या तर्कशास्त्रात ती सापडते. डी मॉर्गननी तिला चिन्हांची शिस्त लावली आणि नाव त्यांचं चिकटलं. गणितात असं बऱ्याचदा होतं. पण आज मला या नियमांपेक्षा त्या माणसाबद्दल जास्त बोलायचंय, कारण त्याच्या आयुष्याचा एक धागा थेट जुन्या दिल्लीत जातो आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडे सांगितला जातो तो दुसराच धागा. ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म २७ जून १८०६ रोजी मदुराईला झाला, हो, मीनाक्षी मंदिराच्या मदुराईत. वडील जॉन डी मॉर्गन ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत अधिकारी होते. हे कळलं की फॉरवर्ड सुरू होतात : "डी मॉर्गन भारतीय होते", "त्यांचं तर्कशास्त्र भारतीय न्यायदर्शनातून आलं". तंजावरच्या, चेन्नईच्या आपल्या मराठी मंडळींकडून हे मला विशेष प्रेमाने येतं. म्हणून आधी याचा निकाल लावू.

बाळ तेरा दिवसांचं असताना, १० जुलैला, वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांचा उठाव झाला. नवी पगडी, कपाळावरचं गंध पुसायचा हुकूम, दाढी काढायचा हुकूम, अशी कारणं होती. पुढे काही महिन्यांतच डी मॉर्गन कुटुंब इंग्लंडला निघालं. ऑगस्टस तेव्हा सात महिन्यांचे होते. मदुराईने त्यांना दिलेली एक गोष्ट मात्र जन्मभर सोबत राहिली. जन्मानंतर लवकरच डोळ्यांच्या आजाराने त्यांचा उजवा डोळा गेला. सात महिन्यांचं बाळ न्यायदर्शन शिकत नाही. नंतर कधी ते भारतात आलेही नाहीत.

पण ही समजूत फॉरवर्डवाल्यांनी शोधून काढलेली नाही, हेही सांगायला हवं. जॉर्ज बूलच्या पत्नी मेरी एव्हरेस्ट बूल या आपल्या सर्व्हेवाल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. त्यांनी १९०१ साली जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून एक लेख लिहिला. त्यात बूल, बॅबेज आणि डी मॉर्गन यांच्या विचारांवर भारतीय विचाराचा खोल परिणाम असल्याचं त्यांनी सांगितलं. बाई हुशार होत्या आणि त्यांचा हेतू आपल्याबद्दलच्या आदराचा होता. तरी माझं मत असं, की डी मॉर्गन यांच्या तर्कशास्त्रापुरता या म्हणण्याला आधार सापडत नाही. त्यांचं सगळं भांडण ॲरिस्टॉटलशी आहे, आणि ते घरातल्याच वडीलधाऱ्याशी भांडावं तसं आहे. स्वतःच्या जन्माबद्दल ते गमतीने म्हणत, की आपण इंग्लिश, स्कॉटिश किंवा आयरिश यांपैकी काहीच नाही, कुठल्याही तुकडीला न जोडलेले नुसते ब्रिटिश आहोत.

वडील कामानिमित्त भारतात ये-जा करत राहिले आणि १८१६ साली परतीच्या प्रवासात जहाजावरच वारले. ऑगस्टस दहा वर्षांचे होते. एका डोळ्यामुळे शाळेतल्या खेळांत भाग घेता येत नसे. आईकडून गणित होतं. तिचे आजोबा जेम्स डॉडसन यांनी १७४२ साली प्रति-लॉगॅरिदमची मोठी कोष्टकं छापली होती. मुलाने धर्मोपदेशक व्हावं अशी आईची इच्छा होती. ती कशी फसली ते बघा.

१८२३ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. पीकॉक, ह्यूएल, एअरी असे शिक्षक मिळाले. १८२७ च्या परीक्षेत चौथे आले. आता पुढची पायरी एम. ए. आणि मग फेलोशिप, म्हणजे आयुष्याची ददात मिटली. पण एम. ए. साठी अँग्लिकन चर्चच्या तत्त्वांवर सही करावी लागे. डी मॉर्गन नास्तिक नव्हते, देव मानत होते. त्यांचं म्हणणं इतकंच, की गणिताची पदवी आणि धर्माची कबुली यांचा एकमेकांशी संबंध काय? सही केली नाही. केंब्रिजचं दार बंद झालं. मग लंडनला जाऊन वकिलीचा अभ्यास सुरू केला, आणि त्यात काही मन लागेना.

तेवढ्यात लंडनमध्ये एक नवी संस्था उभी राहत होती, लंडन युनिव्हर्सिटी. आज तिला आपण युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणतो. तिथे धर्माची अट नव्हती. ज्यू, कॅथलिक, चर्चबाहेरचे ख्रिस्ती, कोणीही या आणि शिका. कर्मठ लोक तिला देव नसलेलं कॉलेज म्हणून हिणवत. १८२८ साली तिथे गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून या एकवीस वर्षांच्या मुलाची नेमणूक झाली. तोवर त्यांच्या नावावर संशोधन म्हणावं असं काही नव्हतं.

तीन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक पॅटिसन यांच्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी गोंधळ घातला होता. व्यवस्थापनाने पॅटिसनना काढलं, आणि वर जाहीर केलं की त्यांच्या वर्तनात किंवा ज्ञानात काही खोट आढळली नाही. डी मॉर्गननी हे वाचलं. दोष नाही असं तुम्हीच म्हणता आणि तरी काढता, तर मग इथे कोणत्याही प्राध्यापकाने कशाच्या भरवशावर राहायचं? पॅटिसन हे काही त्यांचे जिवलग मित्र होते म्हणून हे केलं असंही नाही. दोन विधानं एकत्र बसत नव्हती, एवढंच. पाच वर्षं खाजगी शिकवण्या आणि लेखन यांवर काढली. १८३६ मध्ये त्यांच्या जागी आलेले प्राध्यापक बुडून मरण पावले, तेव्हा अडचण निभावायला म्हणून ते परत गेले आणि मग तीस वर्षं राहिले.

या तीस वर्षांतलं लेखन पाहिलं की छाती दडपते. पेनी सायक्लोपीडिया नावाच्या स्वस्त ज्ञानकोशात त्यांचे सातशेहून अधिक लेख आहेत. हा कोश कामगारांना आणि कारकुनांना परवडावा म्हणून काढला होता. १८३८ च्या त्यातल्याच एका लेखात त्यांनी मॅथेमॅटिकल इंडक्शन हे नाव वापरलं. आपण शाळेत गणितीय विगमन म्हणून शिकतो ते हेच. १८५२ च्या ऑक्टोबरात एका विद्यार्थ्याने आपल्या भावाचा प्रश्न विचारला : कोणताही नकाशा, शेजारच्या प्रदेशांना वेगळा रंग देत, चार रंगांत रंगवता येईल का? डी मॉर्गननी त्याच दिवशी डब्लिनच्या हॅमिल्टनना पत्र लिहिलं. त्यांना काही त्यात रस वाटला नाही. पण डी मॉर्गन ज्याला त्याला विचारत राहिले म्हणून तो प्रश्न जगला. उत्तर मिळालं १९७६ साली, तेही संगणकाच्या मदतीने.

एक गंमत जाता जाता. ते सांगत, की अमुक वर्षी माझं वय त्या वर्षाचं वर्गमूळ होतं. १८४९ साली ते ४३ वर्षांचे होते, आणि ४३ चा वर्ग १८४९. तुमच्यापैकी जे १९८० साली जन्मले त्यांना हा योग २०२५ मध्ये येऊन गेला. ४५ चा वर्ग करून बघा.

आता तर्कशास्त्र. दोन हजार वर्षं युरोपात ॲरिस्टॉटलची चौकट चालली : सर्व माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य. या चौकटीत "सर्व", "काही" आणि "कोणीही नाही" एवढेच शब्द चालतात. डी मॉर्गन म्हणाले, माणसं याहून जास्त विचार करतात. उदाहरण घ्या. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना कबड्डी आवडते. निम्म्याहून जास्त मुलांना क्रिकेट आवडतं. तर दोन्ही आवडणारं निदान एक मूल वर्गात आहेच. शेंबडं पोरही हे सांगेल, पण जुन्या चौकटीत "निम्म्याहून जास्त" हा शब्दच बसत नाही. मग ते आकड्यांवर गेले. शंभरांत सत्तरांना हे आवडतं, साठांना ते, तर दोन्ही आवडणारे कमीत कमी तीस.

दुसरा हल्ला याहून खोल होता. माणूस हा प्राणी आहे, म्हणून माणसाचं डोकं हे प्राण्याचं डोकं आहे. बरोबर आहे ना? ॲरिस्टॉटलच्या नियमांनी हे सिद्ध करून दाखवा, असं त्यांनी सांगितलं. होत नाही. कारण यात "चं" आहे, म्हणजे नातं आहे. १८६० च्या निबंधात त्यांनी नात्यांचंच बीजगणित मांडलं. आपल्याला हे समजायला मुळीच अवघड जाऊ नये. आईचा भाऊ तो मामा. म्हणजे "ची आई" आणि "चा भाऊ" ही दोन नाती एकापुढे एक जोडली की तिसरं नातं तयार होतं. क्रम उलटा केला, "चा भाऊ" आधी आणि "ची आई" नंतर, तर भावाची आई, म्हणजे बहुधा आपलीच आई. जोडणीचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. आतेभाऊ, मावसबहीण, चुलतसासरे हे शब्द रोज वापरणाऱ्या समाजात हा धडा तिसरीत शिकवता येईल असं मला नेहमी वाटतं. पुढे अमेरिकेत पर्स यांनी हे काम वाढवलं, आणि आज संगणकातले डेटाबेस ज्या पायावर उभे आहेत त्यात या विचाराची वीट आहे.

१८४७ साली त्यांचं फॉर्मल लॉजिक हे पुस्तक निघालं, आणि जवळजवळ त्याच दिवसांत जॉर्ज बूल यांचं तर्काच्या गणितावरचं छोटं पुस्तकही. दोघांचा पत्रव्यवहार होता, कोणी कोणाचं चोरलं असं दोघांच्याही मनात आलं नाही. बूलचं काम जास्त पुढे गेलं आणि ते डी मॉर्गननी मोकळेपणाने मानलं. याउलट एडिंबरोचे सर विल्यम हॅमिल्टन, हे डब्लिनच्या हॅमिल्टनहून वेगळे, यांनी डी मॉर्गनवर कल्पना चोरल्याचा आरोप केला आणि ते भांडण वर्षानुवर्षं छापून येत राहिलं. डी मॉर्गनना भांडायला आवडत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

आणि हा माणूस प्रत्येक ठिकाणी आपल्या काळाच्या पुढे होता असंही नाही. १८४० च्या सुमारास ते ॲडा लव्हलेस यांना पत्रांतून कॅल्क्युलस शिकवत होते. तिच्या बुद्धीबद्दल त्यांचं मत फार वरचं होतं. तरीही तिच्या आईला लिहिलेल्या पत्रात त्यांनी चिंता व्यक्त केली, की इतक्या कठीण गणिताचा ताण बाईच्या शरीराला झेपणार नाही. युक्तिवाद कोण करतो याकडे पाहू नका असं जन्मभर सांगणाऱ्या माणसाने हे लिहिलं, हेही नोंदवून ठेवू.

आता दिल्लीला जाऊ.

रामचंद्र यांचा जन्म १८२१ चा, पानिपतचा. कायस्थ कुटुंब, वडील महसूल खात्यात. वडील लवकर गेले, आईने मुलं वाढवली. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं. मुलगी मूकबधिर होती, हे नंतर कळलं. रामचंद्र दिल्लीच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि १८४४ मध्ये दिल्ली कॉलेजात उर्दूतून आधुनिक विज्ञान शिकवायला लागले. हे कॉलेज ही एक विलक्षण जागा होती. तिथे बीजगणित, त्रिकोणमिती, भौतिकशास्त्र अशी पुस्तकं उर्दूत होत होती आणि त्यात रामचंद्र यांचा मोठा वाटा होता. फवाइद-उल-नाज़िरीन आणि मुहिब्ब-ए-हिंद ही उर्दू नियतकालिकंही ते चालवत. गालिब ज्या शहरात गझला लिहीत होते, त्याच शहरात त्याच भाषेत कोपर्निकस समजावला जात होता.

त्यांना एक प्रश्न पडला होता. आपल्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलस परका वाटतो, पण बीजगणित आपल्या घरचं आहे. भास्कराचार्यांचं बीजगणित आहेच. मग कॅल्क्युलसचे प्रश्न बीजगणिताने सोडवता येतील का? त्यांनी निवडले कमाल आणि किमान किमतीचे प्रश्न.

त्यांची रीत माझ्या उदाहरणाने सांगतो. तुमच्याकडे ४० मीटर तार आहे. तिने आयताकृती वाफा वेढायचा. जास्तीत जास्त जागा कशी मिळेल? लांबी आणि रुंदी मिळून २०. लांबी क्ष धरा, रुंदी २० वजा क्ष. क्षेत्रफळाला क म्हणू. म्हणजे क्ष गुणिले (२० वजा क्ष) बरोबर क. हे वर्गसमीकरण झालं. ते सोडवलं की क्ष येतो १० अधिक किंवा उणे "१०० वजा क" चं वर्गमूळ. आता नुसतं बघा. क जर १०० हून मोठा झाला तर वर्गमूळाखाली ऋण संख्या येईल, आणि असा वाफा जगात नाही. म्हणजे क जास्तीत जास्त १००, आणि तेव्हा क्ष बरोबर १०. चौरस वाफा. कुठे डेरिव्हेटिव्ह नाही, सीमा नाही. वर्गसमीकरण सोडवायची जी रीत आपण वापरली ती श्रीधराचार्यांची म्हणून भास्कराचार्यांनीच दिलेली आहे.

वर्गसमीकरणापुरती ही कल्पना युरोपात अगदीच अनोळखी नव्हती. रामचंद्र यांचं काम हे, की ती घन समीकरणांपर्यंत आणि त्यापुढे ताणली, आणि कॅल्क्युलसच्या पाठ्यपुस्तकांत येणारे प्रश्न एकामागून एक घेऊन सोडवून दाखवले. १८५० मध्ये स्वखर्चाने कलकत्त्याला पुस्तक छापलं. शिक्षकाच्या पगारात ही चैन नव्हती. कलकत्त्याच्या नियतकालिकांनी ते झोडपलं. कॅल्क्युलसने दोन ओळींत होणारं काम लांबवून करायचं कशाला, असा एकूण सूर.

तेव्हा कलकत्त्यात बेथ्यून होते, तिथल्या मुलींच्या शाळेमुळे आजही ज्यांचं नाव घेतलं जातं ते. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचे कायदा सदस्य, आणि डी मॉर्गन यांचे परिचित. त्यांनी पुस्तकाची प्रत लंडनला डी मॉर्गनकडे पाठवली.

इथे क्षणभर थांबून विचार करा. लंडनचा नामवंत प्राध्यापक, तज्ज्ञांनी झोडपलेलं पुस्तक, लेखक दिल्लीतला नेटिव्ह मास्तर. डी मॉर्गननी ते वाचलं, आणि कंपनीच्या संचालकांना लिहिलं की या माणसाची दखल घ्या. संचालकांनी विचारलं, काय करता येईल? डी मॉर्गन यांचं उत्तर होतं, पुस्तक इथे लंडनमध्ये पुन्हा छापा, युरोपातल्या शाळांतही वाटा. त्यांच्या पाहण्यातही नवशिक्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलसच्या आधी असल्या प्रश्नांनी फायदा होणार होता. छपाई त्यांनी स्वतः पाहिली आणि मोठी प्रस्तावना लिहिली. तिच्यात रामचंद्र यांनी स्वतःविषयी कळवलेला मजकूरही आहे. लग्नाची ती हकीकत आपल्याला तिथूनच कळते.

प्रस्तावनेतला मुख्य मुद्दा आजही वाद घालण्यासारखा आहे. ग्रीकांची वृत्ती भूमितीची, हिंदूंची अंकगणित-बीजगणिताची, अशी विभागणी डी मॉर्गन करतात. कोलब्रूक यांनी १८१७ मध्ये केलेली ब्रह्मगुप्त आणि भास्कर यांची भाषांतरं त्यांच्यासमोर होती. भारतात नुसतं युरोपचं ज्ञान ओतून काही होणार नाही, तिथल्या बुद्धीला तिच्या वळणाने स्वतंत्र विचार करू द्या, असं ते सांगतात. एखाद्या अख्ख्या समाजाच्या बुद्धीला एकच स्वभाव असतो हे त्यांचं गृहीतक मला पटत नाही. त्यात साहेबाचा चष्मा आहे. केरळची परंपरा आणि तिथल्या अनंत श्रेणी त्यांनी विचारात घेतल्या असत्या, तर कॅल्क्युलस परका आणि बीजगणित घरचं ही वाटणी तरी टिकली असती का? पण मेकॉलेच्या टिपणानंतर वीसेक वर्षांनी कंपनीच्याच पैशाने असं छापून आणणं हे साधं काम नव्हतं.

हा प्रश्न एकट्या रामचंद्र यांचा नव्हता. भोपाळजवळ सीहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन सिद्धांतग्रंथांतून नवं खगोलशास्त्र शिकवू पाहत होते, आणि त्यांचे शिष्य बापूदेव शास्त्री, घराणं मूळचं गोदाकाठच्या टोक्याचं, शिक्षण नागपूरचं, १८४२ पासून काशीच्या संस्कृत कॉलेजात गणित शिकवत होते. घरच्या वाटेने जायचं की नव्या, हे तेव्हा अनेकांना विचारावं लागत होतं.

दिल्लीत मात्र मधल्या काळात सगळं उलटंपालटं झालं. १८५२ मध्ये रामचंद्र यांनी डॉक्टर चिमनलाल यांच्यासह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शहरात खळबळ माजली. ११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले, त्या दिवशी चिमनलाल मारले गेले. रामचंद्र लपत निसटले. कॉलेजची नासधूस झाली. सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतलं, रामचंद्र परतले, सरकारी कामाला लागले, आणि मग इंग्रज अधिकाऱ्यांनीच रस्त्यात त्यांना मारहाण केली, ते नेटिव्ह दिसत होते म्हणून. आपण ख्रिस्ती आहोत, सरकारी नोकर आहोत हे सांगूनही उपयोग झाला नाही. त्यांनी याची लेखी तक्रार केली. मे महिन्यात एका बाजूने जीव घ्यायला आले, काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूने डोकं फोडलं.

लंडनची आवृत्ती निघाली १८५९ मध्ये. मुखपृष्ठावर कंपनीच्या संचालकांच्या आज्ञेने असं आहे, पण तोवर कंपनीचं राज्यच संपलं होतं. रामचंद्र यांना खिलत आणि रोख इनाम मिळालं. पुस्तक मात्र ना इथल्या वर्गांत रुजलं, ना तिथल्या. ध्रुव रैना आणि एस. इरफान हबीब या इतिहासकारांनी याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या मते हा अर्ध्यावर राहिलेला शिक्षणप्रयोग आहे. १८५७ नंतर ज्या विद्यापीठांत गणित शिकवलं जाऊ लागलं तिथे इंग्रजी पाठ्यपुस्तकं आली, कॅल्क्युलस आलं तसंच्या तसं, आणि उर्दूतून विज्ञान शिकवणारं जुनं दिल्ली कॉलेज राहिलं नाही. रामचंद्र यांची रीत चुकली म्हणून मागे पडली असं म्हणता येत नाही. ती शिकवायची जागाच उरली नाही.

इकडे डी मॉर्गन. १८६५ मध्ये मुलगा जॉर्ज आणि त्याचा मित्र रॅनयार्ड यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी काढली आणि पहिले अध्यक्ष डी मॉर्गन झाले. रॉयल सोसायटीचं सदस्यत्व त्यांनी कधी घेतलं नाही. एडिंबरोची मानद पदवीही नाकारली. १८६६ मध्ये कॉलेजात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राच्या जागेसाठी जेम्स मार्टिनो यांचं नाव होतं. ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक, म्हणून व्यवस्थापनाने त्यांना डावललं. डी मॉर्गन स्वतः मार्टिनो यांच्या मतांचे नव्हते. पण धर्म पाहणार नाही म्हणून जी संस्था काढली तिने धर्म पाहिला होता. साठाव्या वर्षी त्यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. नंतर कॉलेजच्या ग्रंथालयासाठी त्यांचा पुतळा किंवा चित्र करावं अशी विनंती झाली, तेव्हा त्यांनी कळवलं की ते आपलं जुनं कॉलेज आता नाही. पुढच्याच वर्षी जॉर्ज वारला. १८७० मध्ये मुलगी गेली. १८ मार्च १८७१ ला ते स्वतः गेले.

मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं, की ख्रिस्तावर आपला मनापासून विश्वास आहे, पण तो तोंडाने कधी बोलून दाखवला नाही, कारण आपल्या काळात तशी कबुली देणं ही नेहमीच वर चढायची शिडी होती.

मास्टर रामचंद्र त्यांच्यानंतर नऊ वर्षं जगले. रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि दिल्लीच्या शाळेत त्यांनी काम केलं. पतियाळाच्या महाराजांचे ते शिक्षक झाले आणि नंतर त्या संस्थानाच्या शिक्षणखात्याचे प्रमुख. १८६३ मध्ये त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिलं होतं, या वेळी थेट कॅल्क्युलसची नवी रीत सांगणारं. तेही कलकत्त्यालाच छापलं. ११ ऑगस्ट १८८० ला ते गेले.

पुढच्या भागात बूल यांच्याकडे जाऊ. तोवर एक गणित देतो : परिमिती ४० ऐवजी उलटं धरा, वाफ्याचं क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर हवंच आहे, आणि तार कमीत कमी लागायला हवी. मास्टर रामचंद्र यांच्या रीतीने, डेरिव्हेटिव्ह न घेता, सोडवून बघा.